लाखेचं सील लावलेला कलश

या, जरा पुढे सरकून बसा. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. मागे बसलात तर अर्धं ऐकू येईल आणि उरलेलं तुम्ही मनानं भराल, आणि ही गोष्ट तशी चालत नाही. एका भल्या माणसानं मनानं भर घातली, म्हणून तर ही गोष्ट घडली. नारायणाचं नाव घेतो आणि सांगतो. यात चोरी आहे, चोर आहे, चोर सापडतोही. पण सापडला म्हणून कोणाला आनंद झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१

मी गिरडच्या श्रावणबुवांचा झिलकरी. कीर्तनात बुवा पुढे उभे, मी मागे झांज घेऊन. त्यांनी चरण टाकला की मी उचलायचा. बुवा कीर्तनात शुद्ध बोलत आणि पागोटं उतरवलं की आपली वऱ्हाडी सुरू.

छप्पन सालचा ऑक्टोबर. आपला जिल्हा मध्यप्रदेश सोडून मुंबई राज्यात जायचा होता, त्याच्या आधीचा आठवडा. वर्ध्याच्या रामनगरात तेव्हा 'आंतरराष्ट्रीय सेवानिवृत्त मंडळ' होतं. जिनिव्हाच्या राष्ट्रसंघात, सिंगापूरच्या आरोग्यखात्यात, युद्धानंतरच्या मदत-छावण्यांत नोकऱ्या करून परतलेले म्हातारे तिथे शनिवारी जमत. बिनदुधाचा चहा पीत, तिकिटं अदलाबदल करत, कोणाच्या तरी फ्रेंच उच्चारांना हसत. गाव त्यांना 'जिनिव्हावाले' म्हणायचं. वर्षातून एकदा, चोवीस ऑक्टोबरला, ते आपल्या गेलेल्या सोबत्यांचा स्मरणदिन करत. फोटो मांडायचे, एक मिनिट उभं राहायचं, मग बुवांचं कीर्तन.

"तुमचं एक मिनिट अन् माह्ये दोन घंटे," बुवा म्हणत. "देव कोणाचं आइकते पाहू!"

त्या वर्षी स्मरणदिन निराळा होता. देवळीचा श्रीनिवास चीनमधल्या मदत-छावणीत सत्तेचाळीस साली साथीत गेला. त्याच छावणीतले बंडोपंत, आता मंडळाचे चिटणीस, यंदा उन्हाळ्यात निवृत्त होऊन परतले ते त्याचा अस्थिकलश घेऊन. तांब्याचा, वितभर उंच, झाकणावर लाख ओतून कचेरीची मोहोर उठवलेली. अस्थी घरात ठेवत नाहीत आणि उन्हाळ्यात धाम नदीला पाणी नव्हतं, म्हणून कलश मंडळाच्या दालनातल्या कोनाड्यात बसला. स्मरणदिनी दुपारी पवनारला विसर्जन आणि संध्याकाळी कीर्तन ठरलं. श्रीनिवासची आई, रुख्मिणीबाई, ऐंशीला टेकलेल्या. त्यांचं एकच म्हणणं होतं: "लेकराले पाण्यात सोडल्याबिगर मी जात नाई."

आदल्या संध्याकाळी दालनाच्या ओट्यावर आम्ही तिघंच होतो, बुवा, बंडोपंत आणि मी.

"बंडोपंत, शेरभर गाईचं दूध अन् एक परात सांगून ठेवजा," बुवा म्हणाले.

"दूध कशाला?"

"आता! आईच्या हातानं अस्थी धुतल्याबिगर सोडाच्या का?"

"हो, हो. बरोबर," बंडोपंत म्हणाले आणि छडी घेऊन घराकडे निघाले.

सकाळी आम्ही मुक्कामाच्या राममंदिरातून दालनावर आलो तर धुरपता, तिथली झाडलोट करणारी बाई, पायरीवर डोक्याला हात लावून बसलेली. कोनाडा रिकामा होता.

२

रिकामा, पण विस्कटलेला नाही. कलशाखालचं लाल वस्त्र घडी घालून ठेवलेलं. कलशाला घातलेला झेंडूचा हार शेजारच्या श्रीनिवासच्या फोटोला घातलेला. समईत कोणीतरी ताजं तेल घातलं होतं.

अध्यक्ष मनोहरराव येरझारा घालत होते. अंगात कोट, हातात साखळीचं घड्याळ. जिनिव्हात त्यांनी वीस वर्षं बैठका वेळेवर सुरू केल्या होत्या.

"पोलिसांना कळवतो. धुरपता, खरं सांग. तांबं विकायला नेलंस?"

"तांबंच न्याचं असतं साहेब, तं हे तुमचं घंगाळ नसतं नेलं?" धुरपतानं पदर खोचला. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचं भलंमोठं तांब्याचं घंगाळ जसंच्या तसं होतं. "मेल्या माणसाले घरी नेऊन मी काय करू जी? जित्यालेच पुरत नाई!"

मागच्या दाराची कडी लागत नसे, हे साऱ्या रामनगराला माहीत. तेव्हा कोणीही येऊ शकत होतं.

"बुवा, रुख्मिणीबाई दुपारच्या मोटारीनं येणार आहेत," मनोहरराव म्हणाले. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "त्यांना काय दाखवायचं?"

बुवांनी पागोटं उतरवून मांडीवर घेतलं. "पोलिसाले थांबवा जरासेक. हार काढून फोटोले घालणारा चोर मी तरी पाह्यला नाई. अध्यक्षसाहेब, राग नका मानू. कलश इथंच ठेवाचा म्हणून तुमीच भांडत होते ना?"

"भांडत नव्हतो. प्रस्ताव मांडला होता. भिंतीत संगमरवर, वर नाव, खाली मंडळाची मुद्रा." मनोहरराव ताठ झाले. "प्रस्ताव नामंजूर झाला. नामंजूर झालेला प्रस्ताव मी रात्री येऊन अमलात आणत नसतो."

बुवा हसले. मीही हसलो. त्या माणसाला ते विनोदी वाटत नव्हतं, म्हणून तर खरं वाटलं.

तेवढ्यात बंडोपंत आले. एरवी सुटाशिवाय न दिसणारा माणूस धोतरात होता. केसांतून पाणी निथळत होतं, सदरा पाठीला चिकटला होता. सकाळच्या गारठ्यात दात वाजत होते.

"धुरपताला सोडा," त्यांनी आत पाऊल टाकताच सांगितलं. "तिनं नेला नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" मनोहररावांनी विचारलं.

बंडोपंत कोनाड्याकडे पाहतच नव्हते. "ती तशी नाही. एवढंच म्हणतो मी."

३

मग श्रीनिवासचा धाकटा भाऊ मधू आला. देवळीला वांगी-टमाटे पिकवणारा, हाताच्या भेगांत काळी माती. आईच्या आधी तो कार्यक्रमाची तयारी बघायला आला होता. रिकामा कोनाडा पाहून त्यानं आधी मनोहररावांची कॉलर धरली, मग सोडून दिली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"म्या म्हनलं होतं, देवळात ठेवा. तुमच्या कोनाड्यात काऊन? आमचा दादा म्हंजे का तुमची सुरई होय?"

"तूच तर नेला नाहीस?" मनोहरराव म्हणाले. "उन्हाळ्यापासून भांडतोयस."

"नेला असता तं सरळ दिवसा नेला असता, तुमच्या टाळक्यावरून!"

बुवांनी मधूच्या शेजारी फतकल मारली. खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यानं अर्धी केली, अर्धी त्याला दिली. बुवांची चौकशी म्हणजे ही एवढीच. ते कोणाला धमकावत नसत. माणूस बोलता होईपर्यंत त्याच्याजवळ बसत.

"स्टेशनावरून कलश कोनं आणला होता रे मधू?"

"म्याच. टांग्यात मांडीवर घेऊन." त्याचा आवाज खाली आला. "बंडोपंत म्हने, द्या मी धरतो. म्या नाई देल्ला. नऊ वर्सानं दादा घरी येऊन राह्यला, तं मी काऊन देऊ? रस्ता कसा आहे तुमाले माहीत आहे. टांगा असा आदळे का माह्यी हाडं खिळखिळी झाली. पन दादा एकडाव बोलला नाई. गप्पगार. लहानपणी बी तसाच होता, मारलं तरी रडे नाई."

तो रडू लागला. मला भरून आलं, मी उपरण्यानं डोळे पुसले. बुवांच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. सुपारी तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला होता.

"जड होता का?"

"चांगला जड. गच्च भरेल होता."

बुवा उठले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गड्या, आपून किती जनाच्या अस्थी वेचू लागलो? गाडग्यात घेऊन चाललं तं काय होते?"

"वाजतात," मी म्हणालो. "खडखडतात. म्हणून तर वरून कपडा कोंबतो."

"मंग टांगा आदळला अन् हा वाजला काऊन नाई?"

४

बंडोपंत ओट्याच्या कडेला उन्हात बसले होते. बुवा त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"श्रीनिवासले अग्नी तुमीच देल्ला ना?"

"हो. मी रुख्मिणीबाईंना तसं कळवलं होतं."

"तसं कळवलं होतं," बुवा सावकाश म्हणाले. "अन् अस्थी? कवा वेचल्या?"

"त्याच संध्याकाळी. लगेच कलशात भरल्या, झाकण लावलं आणि सील केलं. सीलबंद वस्तू आमच्यात कोणी उघडत नाही, बुवा. पेटी असो की थैली, मोहोर पाहायची आणि जशीच्या तशी पुढे पोचवायची. तीस वर्षं आम्ही हेच केलं."

"त्याच सांजेले?" बुवांनी मान हलवली. "चिता दुसऱ्या दिवशी हात लावू देत नाई, पंत. तिसऱ्या दिवशी आपून जातो, दूधपानी शिंपतो, मंग वेचतो. अग्नी देनाऱ्याले हे चुकत नाई. ऐकनाऱ्यालेच चुकते."

बंडोपंतांच्या केसांतलं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

"कलश चार-पाच महिने तिथं होता. दार उघडंच होतं. कोनी हात लावला नाई," बुवा म्हणाले. "कालच्याच राती काऊन? काल काय नवं झालं? तं काल संध्याकाळी म्या दूध सांगतलं. कलश उघडनार म्हून सांगतलं. अध्यक्ष नव्हते, मधू देवळीले होता, धुरपता घरी गेलती. आइकनारे दोघंच. माहा झिलकरी तं रातभर माह्या बाजूले घोरत होता."

मी खाली पाहिलं.

"अन् एक आखरीचं इचारतो." बुवांनी त्यांच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी गरम पाण्याबिगर आंग धूत नाई, हे धुरपता हसून हसून सांगते. अन् आज थंड पाण्यानं, डोक्यावरून, कपड्यासंग. बंडोपंत, आज पहाटे कोनाच्या मयतीले गेलते?"

५

ते आम्हाला घरी घेऊन गेले. एकट्या माणसाची खोली. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर कलश, समोर निरांजन. सील शाबूत होतं. लपवलेलं काहीच नव्हतं.

"मयतीला नाही," बंडोपंत म्हणाले. "मसणात गेलो होतो. परवाच तिथे कोणाची तरी चिता झाली होती, मला माहीत होतं. म्हटलं, चार तुकडे आणावे आणि यात घालावे. म्हातारीचा हात लागला की तिचं समाधान होईल." ते खुर्चीवर बसले. "तिथे एक माणूस बसला होता, रूपराव म्हणून. त्याच्या मुलीची राख. तो म्हणाला, बसा जी, उजाडलं की वेचू. मला वाटलं, मी कोणाच्या लेकीला श्रीनिवास म्हणून देणार होतो? धावत परत आलो. विहिरीवर अंगावर पाणी घेतलं."

"कलशात काय आहे?" मनोहररावांनी विचारलं. ते आमच्या मागून आले होते, दारात उभे होते. मधूही.

"माती."

"कोणती?"

"छावणीत साथ फार वाढली होती. श्रीनिवासनं बाकीच्यांना गाड्यांतून बाहेर काढलं, तो मागे राहिला. मीही तापानं पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा सगळ्यांना एका खड्ड्यात घालून वर चुना टाकला होता. त्याशिवाय साथ थांबणार नव्हती, हुकूमच तसा होता. कुठे कोण, सांगायला कोणी नव्हतं. मी रुख्मिणीबाईंना लिहिलं की मी अग्नी दिला. मला वाटलं, एवढ्यावर त्यांना झोप लागेल. त्यांनी परत विचारलं, अस्थी कधी आणता? दर वेळी तेच. सुटीत मी परत त्या जागी गेलो आणि वरची माती भरली. सील लावलं. वाटलं, सील कोण तोडणार?"

मनोहरराव टेबलाशी आले आणि मोहोरेवरून अंगठा फिरवला. "मीही तोडलं नसतं," ते म्हणाले. "चौकशीही केली नसती. आपण सगळे असेच." आणि थोड्या वेळानं, "धुरपताची माफी मागायला हवी मला."

मधू मुठी आवळून उभा होता. "बुवा, मायले काय सांगू? मोटार येऊन राह्यली."

मला खरं सांगायचं तर वाटलं, बुवांनी आता काहीतरी तोड काढावी. एक गोड आख्यान लावावं, म्हातारीच्या हातात बंद कलश द्यावा, पवनारला सोडावा, झालं. मी तसं बोललोही.

बुवा माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तिच्या लेकाचं नाव घेऊन मी उभा राहीन अन् खोटं गाईन? मंग ह्या गळ्याचा उपेग काय?" मग बंडोपंतांकडे वळले. "मी तिले सांगनार नाई. म्या कोन सांगनारा? तुमी सांगा. मी बाजूले बसतो."

६

दुपारी रुख्मिणीबाई दालनाच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या. नऊवारी पांढरं लुगडं, हातात तुळशीची काडी. बंडोपंत खाली, त्यांच्या पायांशी. कलश मध्ये. बंडोपंतांनी सगळं सांगितलं, काहीही न सावरता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग जाळलं नाई त्याले?"

"नाही, आई. पुरलं."

"अन् तिथी? तू लिहून पाठवली ते तिथी तरी खरी होय का?"

बंडोपंत म्हणाले, "मी तापात होतो. मला दिवस कळत नव्हते. अंदाजानं..."

"नऊ वर्सं म्या चुकीच्या दिवशी वाढलं माह्या लेकराले," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तो आला असन ना रे त्याच्या दिवशी? दारात उभा राहून गेला असन."

मधू पुढे झाला, बंडोपंतांवर हात उगारून. आईनं नुसती काडी आडवी केली.

मोटारस्टँडवरचा भोंगा ऐकू येत होता. मग बाईंनी विचारलं, "सोबत कोन होतं त्याच्या?"

"छावणीतली माणसं. चिनी. बायका, म्हातारे."

"लेकरं?"

"होती."

"त्याइच्या मायाइले कोनी कळवलं?"

"नाही, आई. नावंच माहीत नव्हती कोणाला. बऱ्याच आया त्याच खड्ड्यात होत्या."

बाईंनी कलश मांडीवर घेतला. "उघडा हे."

सगळे मनोहररावांकडे पाहू लागले. ते सवयीनं म्हणाले, "सील फोडायला दोन सह्या..." आणि तिथेच थांबले. खिशातला चाकू काढला, गुडघ्यावर बसले आणि लाख खरवडून काढली. चाकू निसटून अंगठ्याला लागला, पण त्यांनी झाकण उचललंच.

पिवळसर बारीक माती. मधेमधे चुन्याचे पांढरे खडे. बाईंनी हात घातला, मनगटापर्यंत, आणि डोळे मिटून तसाच ठेवला. धुरपता दुधाची परात घेऊन उभी होती.

"धुवाचं काय याच्यात," बाई म्हणाल्या. "दूध दे त्या रूपरावाले, कोन होय तो. त्याच्या पोरीसाठी."

पवनारला आम्ही सगळे गेलो. बाई मधूच्या आधारानं पाण्यात उतरल्या. पहिली मूठ सोडताना त्यांनी श्रीनिवासचं नाव घेतलं. मग थांबल्या. दुसरी मूठ घेतली आणि म्हणाल्या, "हे श्रीनिवासच्या सोबत्याइचं." तिसरी, चौथी, कलश रिकामा होईपर्यंत तेच. शेवटी हात दुखायला लागले तेव्हा मधू ओंजळ भरून देऊ लागला. काठावर मंडळाचे म्हातारे टोप्या काढून उभे होते, आणि कोणी घड्याळ पाहत नव्हतं.

बंडोपंत लांब उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नाही.

संध्याकाळी बुवा कीर्तनाला उभे राहिले. नमन झालं, पूर्वरंग झाला, आणि आख्यानाला त्यांचा गळाच लागेना. चरण अर्ध्यावर सुटला. मी तो उचलला, परत उचलला, आणि मग लोकांनी उचलला. दालनातली माणसं, ओट्यावरची बाया-माणसं, खाली रस्त्यावर थांबलेले टांगेवाले, सगळे नुसतं नाम गात राहिले. मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण त्या दिवशीचं नाम अजून माझ्या कानात आहे. बुवा भिंतीला टेकून लेकरासारखे रडत होते.

रुख्मिणीबाई त्यानंतर तीन वर्षं जगल्या. ज्याची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्रीला वाढतात, तसं त्या श्रीनिवासला सर्वपित्रीला वाढू लागल्या. बंडोपंत त्या दिवशी देवळीला जात. बाईंनी त्यांना माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. घरात या म्हणून कधी म्हणाल्या नाहीत. पण ओसरीवर त्यांचं पान मांडलेलं असे, आणि ते न बोलता जेवून उठत. मधू मात्र शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही, आणि त्याला मी चूकही म्हणत नाही.

आता बाई गेल्या, बंडोपंतही गेले, बुवाही. वाढणारं कोणी उरलं नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागतो. भाद्रपदातल्या अवसेला तुम्ही घरच्यांसाठी पाणी सोडाल, तेव्हा एक ओंजळ जास्तीची घ्या. नाव विचारू नका, गोत्र विचारू नका, ते कोणालाच माहीत नाही. श्रीनिवासचे सोबती, एवढं म्हणा. त्यांना पुरे होईल. बाईंनी त्यांना याच नावानं बोलावलं होतं.